प्रतिसाद: व्हिसा नंतर, आधी नावं जुळवा

दारव्ह्याकडची नववीची मुलं जर्मन शिकायला मे महिन्यात तीन आठवडे जर्मनीला न्यायची आहेत, व्हिसाची फाइल कधी सुरू करायची, असं वर विचारलंय. आधी प्रत्येकाचे कागद तपासा. खेड्यातल्या मुलांचं घोडं इथंच अडतं. टीसीवर आईचं नाव एक, आधारवर दुसरं. गावंडेचं स्पेलिंग कुठं व्ही, कुठं डब्ल्यू. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत कधी मुलाचं नावच नसतं. दुरुस्तीला महिने जातात, म्हणून दिवाळीआधीच बसा.

पासपोर्टला आई-वडील दोघांच्या सह्यांचं ॲनेक्शर डी, म्हणजे पालकांच्या संमतीचा फॉर्म लागतो. जुना पासपोर्ट असेल तर मुदत बघा. शेंगेन देशांतून (एकाच व्हिसावर फिरता येणारे, जर्मनीसह युरोपातले देश) निघण्याच्या तारखेनंतर 3 महिने शिल्लक हवी.

व्हिसाचा अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो. अभ्यासासाठी जाणारे विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना शेंगेन व्हिसाची फी माफ आहे, हे बऱ्याच शाळांना माहीतच नसतं. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क मात्र वेगळं. प्रवासातल्या आजारपणाचा विमा किमान 30,000 यूरोचा. 12 वर्षांवरच्यांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, तो खर्च पालकांना आधीच सांगा.

शक्य असेल तर मेऐवजी जून धरा. आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि तिकडं तेव्हा वर्ग चालू असतात, मुलांना खरी भाषा तिथंच कानावर पडेल. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी असते, तेवढी चुकवा.

मुलांसोबत पेढे, तूप देऊ नका, दुधाचे पदार्थ तिकडच्या विमानतळावर काढून घेतात. जवसाची चटणी चालते.