अचानक तोंडातून निघणारे जुने शब्द : तुमच्या घरी काय म्हणायचे?

कुळागर
काल माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळा-भाज्यांची चौकट, बांधताना एक दांडा सुटला आणि तोंडातून आपसूक निघालं, "मंगेशा!" मी एरवी असं म्हणत नाही. हे आजीचं. नारळ निसटला, वीज कडाडली, सगळ्याला हीच हाक. गोव्यात प्रियोळात दिलेली ती, मंगेशाचं देऊळ हाकेवर. गोष्टही तिनेच सांगितलेली. शंकर वाघ होऊन समोर आले, पार्वती घाबरून "त्राहि मां गिरीश" म्हणाली, त्यातलं मां गिरीश म्हणजे मांगीश, मंगेश. देवाचं नावच मुळी भ्यालेल्या बाईची हाक! हातात सुतळी घेऊन तशीच उभी राहिले.

सुंगटां
आमचं पेडण्याकडचं "आवशीचो घोव". बाबांसमोर म्हटलं की पाठीत धपाटा. अर्थ काय, तर आईचा नवरा. म्हणजे बाबाच ना!

पाटो
माटोळी झाली पण? आम्हाला माटोळीला लावायचं कवंडाळ फळ मिळालं नाही अजून. म्हापशाला शुक्रवारी गेलेलो, घागऱ्यो तेवढ्या मिळाल्या.

शेवंती
आजोबा लिसेंवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज शाळेत शिकलेले. चष्मा कपाळावर सरकवून पेपर वाचायचे आणि मध्येच "कारांबा!" साधा माणूस, कधी कुणाला अरेतुरे नाही. पुढे मी पोर्तुगीज शिकले तेव्हा कळलं, एक वाईट शिवी अर्ध्यावर वळवून हा शब्द केलाय. सुरुवात तीच, शेपूट वेगळं. आपलं च्यायला तरी काय, "त्याच्या आईला"मधलं सुरुवातीचं गिळलं की झालं. इंग्रजांचं गॉश तसंच, देवाचं नाव उगाच घ्यायचं नाही म्हणून. आजोबांना ठाऊक असणारच. आजीला नव्हतं, ती तांदूळ सांडले तरी कारांबा म्हणायची 😄 १९६१ला गोवा मुक्त झाल्यानंतर घरात पोर्तुगीज बोलणं हळूहळू बंद झालं, हा शब्द तेवढा राहिला.

दिवली
आमच्याकडे "महालशेची आण". ही मात्र सहज घ्यायची नाही. म्हार्दोळला महालसा देवीच्या देवळातल्या घंटेला एरवी लोलक नसायचा, साक्ष द्यायची असेल तेव्हाच लावायचे. खोटं बोलणारा तीन दिवसांत मरतो असं मानायचे. पोर्तुगीज कोर्टही ती साक्ष धरायचं म्हणतात. मी लहानपणी पेरू चोरून आण घेतली आणि तीन रात्री आईला चिकटून झोपले. चौथ्या सकाळी स्वतःच जाऊन सांगितलं.

सुंगटां
दिवली, बिचारी गो तू 🙏

कुळागर
पाटो, आमच्याकडे दोन कवंडाळं जास्त आहेत. संध्याकाळी ये, पण पिशवी घेऊन ये.