मदत हवी आहे: मिसळ, चिवडा आणि साबुदाणा वडा कमी तेला-मिठात, पण चव राखून कसे करावेत?

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, बरीच वर्षे रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि अलीकडच्या तपासणीत त्यांची एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी) ६.२ टक्के आली. ५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा मानला जातो, त्यामुळे डॉक्टरांनी साखरेची गोळी दिलेली नाही. तेल, मीठ, मैदा आणि गोड यांवर हात आवरा, एवढेच सांगितले आहे. रोजच्या जेवणाची चिंता नाही, कारण वरण, भाकरी आणि पालेभाजी ते आवडीने खातात. प्रश्न आहे तो रविवारच्या मिसळीचा, चहाबरोबरच्या चिवड्याचा, एकादशीच्या साबुदाणा वड्याचा आणि सणावाराच्या जिलबीचा.

हे सगळे बंद करा, असा सल्ला कृपया देऊ नये. घरात बंद केलेला पदार्थ नाना कोपऱ्यावरच्या गाडीवर जाऊन खातील, आणि तिथे किती तेल पोटात गेले याचा पत्ताही लागणार नाही. म्हणून तो घरीच, पण जरा शहाणपणाने करावा, असे माझे मत आहे.

मिसळीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण खरी अडचण तिथेच आहे. मोड आलेली मटकी मुळात उत्तमच. प्रथिने आणि चोथा दोन्ही तिच्यात आहेत. तेल येते ते रश्श्यातून आणि फरसाणातून, तर मीठ रस्सा, फरसाण, पाव आणि पापड अशा चारही बाजूंनी येते. पापडात मिठाखेरीज पापडखारही असतो, म्हणजे सोडियमची आणखी भर पडते. प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मिसळीची भरलेली थाळी त्यातला बराच वाटा एकाच बैठकीत संपवत असणार. पापड मी बंद केला आणि त्याची तक्रार झाली नाही. तेलाचे मात्र जमत नाही. आंतरजालावरच्या ‘बिनतेलाच्या मिसळी’ करून पाहिल्या. त्यांत काळा मसाला कच्चा लागतो आणि वर तवंग येत नाही. नाना वाटी किंचित तिरकी करून आधी तवंग कडेला सरकतो का ते पाहतात, मगच लिंबू पिळतात. तवंग नसला की लिंबाची फोड तशीच ताटात राहते. पावाऐवजी नागलीची भाकरी दिली, तर ‘भाकरीबरोबर खायची म्हणजे ती मटकीची उसळ झाली’ असे म्हणाले, आणि त्यांचे अगदीच चुकले असे मला म्हणता येत नाही.

तेव्हा माझे प्रश्न असे. कमीत कमी तेलात तवंगासह रस्सा कसा करावा आणि फरसाणाला कुरकुरीत पर्याय कोणता? चिवड्याचे पोहे भाजले तर ते आकसतात किंवा दोन दिवसांत चिवट होतात, त्यावर उपाय काय? उपासाला साबुदाण्याऐवजी भगर दिल्याने साखरेच्या दृष्टीने कितपत फरक पडतो? आणि साखरेऐवजी गुळाच्या पाकातली जिलबी चालेल का? प्रत्यक्ष करून पाहिलेले असेल तेच कृपया लिहावे.

प्रतिसाद: पंचवटीकर

ताई, मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलातच उतरतो. त्यामुळे अजिबात तेल न घालता तवंग येणे शक्य नाही. पण तेल कधी घालायचे हे आपल्या हातात आहे. आपण सुरुवातीला पळीभर तेल ओतून त्यात वाटण परततो, आणि त्यातले बरेचसे तेल मटकीत आणि मसाल्यात मुरून जाते, दिसत नाही. आमच्याकडे आता वाटणाला वेगळे तेल घालत नाहीत. कांदा अख्खाच गॅसवर काळा होईपर्यंत भाजायचा, सुके खोबरे कोरडेच खमंग करायचे, आणि आले, लसूण व कोथिंबिरीबरोबर ते गंधासारखे बारीक वाटायचे. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून अधिक तेलच असते. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर वाटण परतले की ते तेल सुटू लागते. वाटण खाली लागू लागले की पाण्याचा हबका मारायचा आणि पुन्हा परतायचे. याला वेळ लागतो, घाई केली तर तुम्ही म्हणता तसा कच्चा वास राहतो. काळा मसाला याच टप्प्यावर घालावा, पाणी ओतल्यावर नाही.

रस्सा उकळून तयार झाला की लहान कढल्यात चार माणसांसाठी दोन टेबलस्पून तेल तापवावे, गॅस बंद करावा, तेल जरा निवले की त्यात बेडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड घालून लगेच रश्श्यावर ओतावे. मग ढवळू नये. सगळे तेल वरच राहते आणि प्रत्येक वाटीत पळीने वरचा थर थोडा-थोडा देता येतो. दोन टेबलस्पून तेलाचे साधारण २५० किलोकॅलरी होतात, म्हणजे माणशी साठ-पासष्ट. तेलात पूड घालताना ते फार तापलेले असेल तर मिरची जळून तवंग तपकिरी होतो, एवढे सांभाळावे.

फरसाण मी पूर्ण काढत नाही. खाली भाजलेले मुरमुरे, भाजके पोहे आणि थोडे फुटाणे, आणि अगदी वर एक चमचा तिखट शेव. जिभेला पहिली शेव लागते, बाकीचे काम मुरमुरे करतात. मात्र मुरमुरे रश्श्यात लगेच मऊ पडतात, म्हणून ते वेगळ्या वाटीत ठेवून खाता-खाता घालावेत. रश्श्यात मीठ निम्मे करून लिंबू आणि कच्चा कांदा वाढवला तर अळणी लागत नाही, हा आमचा अनुभव आहे. पावाबद्दल नानांशी वाद घालू नये. दोनाऐवजी एक द्यावा आणि वाटीत मटकी वाढवावी.

प्रतिसाद: सिडकोकर

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. मिठाच्या बाबतीत मी आणखी एक सुचवेन: बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, ते वापरले तर चवीत फारसा बदल जाणवत नाही आणि निम्मे करण्याचीही गरज पडत नाही.

प्रतिसाद: माजी आहारतज्ज्ञ

सिडकोकर यांची सूचना चांगल्या हेतूने आहे, परंतु नानांच्या बाबतीत ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय अमलात आणू नये. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी शरीरातले पोटॅशियम वाढू शकते, आणि मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर ते बाहेर पडत नाही. रक्तातले पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. नानांची गोळी कोणती आहे आणि त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्तचाचणी) किती आहे, हे पाहूनच निर्णय व्हावा. तोपर्यंत साधेच मीठ, पण कमी.

साबुदाण्याविषयी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० किलोकॅलरी, प्रथिने आणि चोथा नगण्य. भगर हे भरडधान्य असल्याने त्यात थोडी प्रथिने आणि थोडा चोथा असतो, पण पिष्ट तिच्यातही भरपूर आहे. मऊ, पातळ शिजवलेली भगर ताटभर खाल्ली तर साखर वाढणारच. फरक पडतो तो सोबत काय आणि किती यावर. वाटीभर मोकळी भगर, दाण्याची आमटी, दही आणि काकडी असे ताट केले तर साखर हळू चढते. वड्यांचीच हौस असेल तर अर्धा साबुदाणा आणि अर्धी भगर वेगवेगळे भिजवून, भगर दह्याबरोबर जाडसर वाटून, त्यात दाण्याचे कूट, जिरे, हिरवी मिरची आणि बटाट्याऐवजी किसलेले रताळे घालून आप्पेपात्रात करावेत. प्रत्येक खळग्यात चार थेंब तेल पुरते. तळलेल्या वड्याची खुसखुस येणार नाही, हे नानांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. त्यात लोह वगैरे थोडेफार असले तरी जिलबीतून मिळणाऱ्या गुळाने त्याचा उपयोग होत नाही, आणि रक्तातली साखर साखरेइतकीच वाढते. मधाचेही तेच. माझ्या मते जिलबीची आरोग्यदायी आवृत्ती करण्याच्या फंदात पडू नये. भाजलेली, नागलीची किंवा कृत्रिम गोडीची जिलबी कोणालाच आवडत नाही आणि मग माणूस वरून खरीही खातो. दसऱ्याला चांगल्या हलवायाकडची ताजी जिलबी आणावी, जेवणाच्या शेवटी एक वेढे द्यावे, आणि त्या जेवणातला भात काढावा.

प्रतिसाद: रविवार कारंजा

चिवड्याचे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. पोहे पातळच घ्यावेत आणि आधी एक दिवस कडक उन्हात द्यावेत. आकसतात ते ओलाव्यामुळे आणि मोठ्या आचेमुळे. नंतर मंद आचेवर थोडे-थोडे भाजावेत. एक पोहा बोटांत चुरडला आणि त्याचा भुगा झाला की झाले, तो दुमडला तर अजून ओल आहे. आपल्याकडच्या चिवड्याची ओळख तळलेल्या कांद्याने असते, त्यालाही उपाय आहे: कांदा उभा पातळ चिरून उन्हात खडखडीत वाळवायचा आणि चमचाभर तेलावर तांबूस करायचा. दाणे आणि डाळे कोरडे भाजावेत, खोबऱ्याचे काप मात्र मोजकेच. अर्धा किलो पोह्यांना चार टेबलस्पून तेलाची फोडणी पुरते. हळद, हिंग, कढीपत्ता आणि मिरची त्यातच. मीठ मिक्सरमधून पिठासारखे करून शेवटी भुरभुरावे. बारीक मीठ जिभेवर चटकन विरघळते, म्हणून कमी लागते. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नये. तुमचा चिवडा दोन दिवसांत चिवट होतो त्याचे कारण बहुधा हेच आहे. पाकिटावर ‘डाएट’ लिहिलेला विकतचा चिवडा घेणार असाल तर मागच्या बाजूचा सोडियमचा आकडा वाचून घ्यावा.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. नानांच्या गोळीच्या पाकिटावर टेल्मिसार्टनच आहे, त्यामुळे वेगळे मीठ डॉक्टरांना विचारेपर्यंत आणणार नाही. जिलबीचा निर्णय नानांना वाचून दाखवला. ‘वेढे एक, पण मोठे’ एवढीच त्यांची दुरुस्ती आहे. पंचवटीकरांना एक विचारायचे होते: खोबऱ्याच्याच तेलावर परतलेले हे वाटण आठवडाभराचे एकदम करून ठेवता येईल का? दर रविवारी सकाळी एवढा वेळ परतत बसणे नोकरी सांभाळून होत नाही.

पंचवटीकर

करता येते. पाणी घालण्यापूर्वीचे, पूर्ण परतलेले आणि गार झालेले वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरमध्ये ठेवावे, गोठले की वड्या काढून डब्यात ठेवाव्यात. माणशी दोन वड्या धराव्यात. मीठ त्यात घालू नये, रस्सा करतानाच घालावे, म्हणजे नानांचा रस्सा वेगळा काढून त्यात कमी घालता येईल. वरची तेल-मिरचीची फोडणी मात्र त्या-त्या वेळी ताजीच द्यावी, ती साठवलेली चालत नाही.