वॉचमन काढायचा की मोटार बंद करायची? लातूरच्या आमच्या सोसायटी ग्रुपवरून

सचिव: नमस्कार मंडळी. टँकरच्या बिलानं कंबरडं मोडलंय, मेंटेनन्समध्ये मेळ बसेना. काटकसर म्हणून पुढच्या महिन्यापासून रात्रीचा वॉचमन बंद आणि सिंकिंग फंडाची वर्गणी सहा महिने स्थगित. हरकत असल्यास कळवा.

ए-३०२: हरकत आहे. ही काटकसर कुठली, कपात आहे ही.

सचिव: एकच की सर. पैसे वाचल्याशी मतलब.

ए-३०२: एकच कसं? पाणीकपात महापालिका करते, पगारकपात मालक करतो. सोसणारा वेगळाच असतो. विधानसभेतसुद्धा सरकारच्या खर्चाच्या मागणीला कात्री लावायला 'कपात सूचना' मांडतात, काटकसर सूचना कधी ऐकली का? काटकसर ज्याची त्यानं करायची, गरज भागवून. इथं पोट त्या वॉचमनचं मारायचं आणि काटकसरी म्हणून मिरवायचं आपण.

बी-१०१ (काकू): बरोबर बोललात सर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून जलदूत रेल्वेनं पाणी आलं, आठवतं का? तेव्हा भाजी धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसायची, उरलेलं संडासात टाकायचं. आता रोज सकाळी टाकी भरून गच्चीवरून पाणी सांडायलंय आन् कुणी मोटार बंद करीना. वरून टँकर महाग!

सी-२०४: आमच्या बाथरूमच्या खिडकीवर तर धबधबाच आहे काकू 😄

खजिनदार: सिंकिंग फंड असा थांबवता येत नाही. उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के घ्यावाच लागतो. तो मोठ्या दुरुस्तीसाठी, महिन्याच्या तोंडमिळवणीला नाही.

ए-००१: मग आम्हा तळमजल्यावाल्यांची लिफ्टची वर्गणी तरी कमी करा.

खजिनदार: नाही हो काका, लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखाच. वापरा न वापरा.

सी-२०४: आणि पार्किंगचे बल्ब कुणी काढून ठेवले? रात्री माझी गाडी खांबाला घासली. वाचले असतील महिन्याचे शंभर रुपये, रंगाला तीन हजार. निव्वळ चिंगूसपणा.

सचिव: बल्ब मीच काढले. उद्या लावतो. वॉचमनचं आमसभेत बघू. टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारं सेन्सर लावायचं का?

ए-३०२: लावा. चालेल.

बी-१०१ (काकू): लावा, पण स्वस्तातलं आणू नका. आन् आधी खाली जाऊन मोटार बंद करा, अजून चालूच आहे.