टाकीतले पाणी सरळ खाली सोडले, तर टाकी हलेल का?

प्रश्न (घाटकोपर)
सोसायटीत आलेला टँकर रिकामा होताना हा प्रश्न पडला. घर्षण नसलेल्या रुळांवर चौकोनी टाकी स्थिर उभी असून तिच्या मागच्या टोकाला, तळाशी, भोक आहे व पाणी टाकीच्या सापेक्ष सरळ खाली पडते. आडव्या दिशेत बाह्य बल नसल्यामुळे टाकी जागीच राहील, असे वर्गमित्र म्हणतात. मला ते पटत नाही, कारण पुढच्या टोकाचे पाणी मागे सरकल्याशिवाय भोकापर्यंत पोहोचणारच नाही.

उत्तर (माटुंगा)
तुमची शंका रास्त आहे. पातळी सर्वत्र सारखीच उतरत असेल, तर दर सेकंदाला गळणारे वस्तुमान गुणिले मध्यापासून भोकाचे अंतर, एवढा पाण्याचा टाकीसापेक्ष संवेग (वस्तुमान गुणिले वेग) मागच्या दिशेने असतो. एकूण संवेग शून्यच राहायला हवा, म्हणून भोक उघडताच टाकी पुढे निघते. नंतर पातळी घटते, टॉरिचेलीच्या नियमानुसार (पाण्याची उंची कमी, तर भोकातून सुटण्याचा वेगही कमी) प्रवाह मंदावतो आणि मागे सरकणारे पाणी थोपवताना टाकीवर मागच्या दिशेने बल येते. त्यामुळे ती हळूहळू थांबते व अखेरीस मागे जाऊ लागते.

प्रश्नकर्ता
पण शेवटी रिकामी टाकी मागे जात असेल, तर एकूण संवेग शून्य कसा राहिला?

उत्तर (माटुंगा)
पडून गेलेले पाणीही हिशेबात धरायला हवे. टाकी पुढे जात असताना जे पाणी पडले, ते टाकीचाच पुढचा वेग घेऊन गेले, आणि सगळ्या पडलेल्या पाण्याची बेरीज पुढच्या दिशेचीच येते. टाकी ५,००० किलो, पाणी १०,००० किलो, भोक मध्यापासून २ मीटरवर आणि रिकामे होण्यास १० मिनिटे, असे धरले, तर सुरुवातीचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मिलिमीटर पुढे आणि शेवटचा सुमारे ४.६ मिलिमीटर मागे येतो. शेवटचा वेग मागच्या दिशेचा येणे हा आकड्यांचा योगायोग नव्हे. पाणी कमी होत गेल्यावर तेच बल हलक्या टाकीला अधिक त्वरण देते, म्हणून तसे घडतेच.

उत्तर (मुलुंड)
भोक बरोबर मध्यावर असेल, तर टाकी हलत नाही, आणि आधीपासून चालत असेल, तर वजन घटल्यामुळे तिचा वेग वाढतही नाही. तुमचा टँकर जागचा हलला नाही, कारण वरच्या आकड्यांत पाणी मंदावण्यामुळे येणारे बल अवघे ०.११ न्यूटन आहे आणि टायरांचा रोध त्याच्या हजारो पट असतो. प्रयोगशाळेत एअर ट्रॅक (हवेच्या थरावर वस्तू जवळजवळ घर्षणाशिवाय सरकू देणारी पट्टी) असल्यास त्यावर लहान डबा ठेवून पाहावे. मात्र गळणारे पाणी ट्रॅकवर पडू देऊ नये.