मदत हवी आहे : फवारा मारला आणि मुंग्यांच्या एका रांगेच्या तीन झाल्या

नमस्कार मंडळी,

सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. २०१९ च्या पुरापासून भिंतींचं प्लास्टर जागोजागी सुटलंय. दोन महिन्यांपूर्वी ओट्यामागच्या स्विचबोर्डातून बारीक पिवळट मुंग्यांची रांग सुरू झाली. फवारा मारला, चार दिवस बरे गेले. मग देवघरात एक, न्हाणीत एक आणि सासूबाईंच्या पलंगाशी एक!

मुंगळे, लाल मुंग्या आम्हाला नव्या नाहीत. गुळाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवला की भागतं. या वेगळ्याच आहेत. भिंगातून बघितलं : जेमतेम २ मिमी, अंग मधाच्या रंगाचं, पोटाचं टोक काळपट. गुळावर येतातच, मेलेलं झुरळही सोडत नाहीत.

सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. मधुमेहामुळे पायाला जखम आहे. परवा पहाटे पट्टी सोडली तर आत चार मुंग्या. त्यांना कळलंही नव्हतं. तेव्हापासून मी रात्री दोनदा उठून बॅटरीने बघते. पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेत. त्या खोलीत पुन्हा फवारा नको वाटतो. काय करू?

प्रतिसाद

ताई, आधी जखम आजच डॉक्टरांना दाखवा.

या फॅरो मुंग्या वाटतात. यांच्यात एकाच वसाहतीत अनेक राण्या असतात. फवारा बसला की उरलेल्या कामकरी मुंग्या अंडी-अळ्या उचलून दुसरीकडे बिऱ्हाड थाटतात. म्हणूनच रांगा वाढल्या.

औषधाच्या दुकानातून बोरिक पावडर आणा, कॅरमवर टाकायचो ती. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम पावडर. कापसाचा बोळा भिजवून बाटलीच्या झाकणात घाला आणि रांगेच्या कडेला ठेवा. पावडर वाढवू नका. मुंगी वाटेतच मेली तर उपयोग नाही. घरी पोचून तिने तोंडाला तोंड लावून तो रस अळ्यांना, राण्यांना भरवायला हवा. दोन दिवसांनी बोळा बदला. सुरुवातीला गर्दी वाढेल, ती पुसू नका, काही आठवडे धीर धरा. मुलं, मांजर यांच्यापासून लांब ठेवा.

सासूबाईंच्या खोलीत मात्र झाकण नको. तिथली वाट साबणाच्या पाण्याने पुसा, वासाची खूण निघून जाते.

धागाकर्ती

मनापासून आभार. डॉक्टर येऊन गेले, जखम स्वच्छ आहे. स्विचबोर्डाखाली झाकण ठेवलं, तर दहा मिनिटांत बोळ्याभोवती कडंच झालं. रस प्यायलेल्यांची पोटं फुगून काचेसारखी दिसतायत, आणि त्या एकामागोमाग भेगेत परत जातायत.