वकील संघाचं सभासद व्हायलाच हवं का? नुसती सनद पुरत नाही?

नवी सनद

दोन वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी एका सीनियरकडे काढली. आता आमच्या तालुक्याच्या कोर्टात स्वतःचं टेबल मांडायचं ठरवलं आहे. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना आहे, ऑल इंडिया बारची परीक्षा पास आहे. तरी पहिल्याच दिवशी एका ज्येष्ठांनी विचारलं, "मॅडम, संघाचा फॉर्म भरला का?" प्रवेश फी, वार्षिक वर्गणी आणि वर इमारत निधी. सीनियरकडून जे मिळायचं त्यातून पेट्रोल आणि झेरॉक्स वजा करून काय उरायचं ते इथल्या ज्युनियरांना सांगायला नको.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे भांडायला बरं पडेल. सनद राज्याच्या बार कौन्सिलने दिली, उद्या शिस्तभंगाची कारवाई झाली तर तीही बार कौन्सिलच करणार. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं सगळं बळ तिथे आहे. तालुक्याचा संघ म्हणजे गणेश मंडळासारखी आपखुशीची संस्था. सनदेची फी खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांहून जास्त घ्यायची नाही, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये बजावलं. नव्या पोरांना दारात पैशासाठी अडवू नका, असाच त्याचा अर्थ ना? मग बाररूमच्या, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीच्या दारात तोच प्रकार कशाला?

आणि ती बाररूम मी पाहिली आहे. कॅरम, कालचा पेपर, आणि "या ना मॅडम, बसा" म्हणत पुढे केलेली खुर्ची. पंख्यापासून सगळ्यात लांबची. सभासद होऊन मला नक्की काय मिळणार?

तालुक्याचा बोर्ड

ताई, सव्वीस वर्षं याच आवारात आहे, म्हणून बोलतो. अकरा वाजता तुम्ही दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तराच्या कोर्टात उलटतपासाला उभ्या आहात. खाली जेएमएफसीकडे (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे) तुमच्याच दुसऱ्या केसचा पुकारा होतो आणि आरोपीची एसटी चुकलेली आहे. हजेरी माफीचा अर्ज पडला नाही तर वॉरंट. साक्षीदार पिंजऱ्यात सोडून तुम्ही खाली धावणार का? तिथे बाररूममधला कुणीतरी कागद ओढतो, अर्ज खरडतो आणि "मॅडम वरच्या कोर्टात आहेत, सर" म्हणून वेळ मारून नेतो. फी मागत नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्यासाठी तुम्ही तेच करता.

दुसरं, आपल्याला जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ बघा. मग नव्या वकिलाचं नाव कानावर कसं जाणार? माझ्याकडे वादी आला आणि तासाभराने त्याचाच भाऊ प्रतिवादी म्हणून आला, तर त्याला मी कुणाकडे पाठवू? मी ज्याला ओळखतो त्याच्याकडे. पुण्या-मुंबईचा वकील एका तारखेसाठी इथला माणूस शोधतो तेव्हाही फोन संघाच्या सचिवालाच येतो. माझी पहिली पाच दिवाणी कामं अशीच आली, सगळी दुसऱ्यांनी नाकारलेली.

काळा कोट

बोर्डसाहेब, पहिल्या परिच्छेदाला माझा आक्षेप नाही. फक्त ती माणुसकी आहे, सभासदत्वाचा फायदा नाही. मी आठ वर्षं सभासद नाही आणि माझेही अर्ज लोक टाकतात.

आता मी का सोडलं ते ऐका. एका अधिकाऱ्याशी वाद झाला म्हणून आमच्या संघाने काम बंदचा ठराव केला. त्या दिवशी माझ्याकडे पोटगीचं काम होतं. बाई चाळीस किलोमीटरवरून दोन पोरं घेऊन आलेली, तिचा सरतपास, म्हणजे मी घ्यायची तिची साक्ष, व्हायचा होता. मी उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी संघाची कारणे दाखवा नोटीस हातात. पुढचा महिनाभर बाररूममध्ये मी गेलो की कॅरमचा आवाजसुद्धा थांबायचा. कॅप्टन हरिश उप्पल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगून ठेवलं आहे की वकिलांना संपाचा आणि बहिष्काराचा हक्क नाही, आणि जो वकील त्यात सामील होत नाही त्याच्यावर संघाने कारवाई करायची नाही. त्या निकालाचे खंड आमच्याच बाररूमच्या कपाटात होते. कपाटाला कुलूप होतं, चावी माजी अध्यक्षांकडे.

शिवाय अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही, असे ठराव. तेही बेकायदा, २०१० चा मोहम्मद रफी निकाल आहे. तरी मोठा गुन्हा घडला की कुठे ना कुठे असा ठराव होतोच, आणि सही न करणारा गावद्रोही ठरतो. ताई, वर्गणीबरोबर हेही विकत घ्यावं लागतं.

घाटाखालचा

काळा कोट, तुमची नोटीस चूकच होती, त्यात दुमत नाही. पण संघाचं एकच टोक दाखवू नका.

मी सिंधुदुर्गातला. हायकोर्टात अपील म्हटलं की अशिलाला सांगायचं, रात्रीची कोकणकन्या पकड, सकाळी मुंबईत उतर, कोर्टाजवळ कुठेतरी आंघोळ कर, आणि संध्याकाळी "बोर्डावर (आजच्या कामांच्या यादीत) आलंच नाही" हे ऐकून परत ये. निम्मे लोक अपीलच सोडून द्यायचे. १८ ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच (फिरतं पीठ) सुरू झालं आणि आता घाट चढून जायचं, संध्याकाळी घरी. हे मागत कोण होतं? कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतले वकील संघ, आणि तेही दशकानुदशकं. माझ्या एकट्याच्या सनदेला मुंबईत कुणी हिंग लावून विचारलं नसतं.

काळा कोट

बेंच झालं याचा आनंद मलाही आहे. पण २०१३ मध्ये त्याच मागणीसाठी कित्येक आठवडे काम बंद राहिलं, तेव्हा आत असलेल्या कच्च्या कैद्यांच्या जामिनाच्या तारखांचं काय झालं, तेही लिहा. बेंच मागणारे वकील आणि तारीख गमावणारा पक्षकार, दोघांना एकाच मापात मोजू नका.

घाटाखालचा

मोजत नाही. माझाही एक अशील तेव्हा आत होता. त्याच्या आईला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नव्हतं. तरी मोर्चात मी चाललो. दोन्ही खरं आहे, काय करू?

एकटी बाररूममध्ये

नवी सनद, तुझ्या खुर्चीबद्दल. माझीही तीच होती.

आमच्या कोर्टात वकील बायकांचं स्वच्छतागृह होतं, पण त्यात जुनी रेकॉर्डची गाठोडी भरलेली. मी एकटीने नाझरकडे (कोर्टाची व्यवस्था बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) दोनदा लेखी अर्ज दिला. पोच मिळाली, पुढे काही नाही. मग सभासद झाले, आम्ही चौघी होतो. सर्वसाधारण सभेत विषय मांडला तेव्हा एकजण म्हणाले, "हा काय सभेचा विषय आहे?" दुसरे, वयाने सत्तरीचे, उठून म्हणाले, "माझी सून इथे प्रॅक्टिस करते, मला विचारा हा विषय आहे का." ठराव झाला. संघाच्या लेटरहेडवरचं पत्र प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे गेलं आणि तीन आठवड्यांत गाठोडी हलली. मजकूर माझ्याच अर्जाचा होता गं, शब्दन् शब्द.

सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये त्यांच्या स्वतःच्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत महिलांना एक तृतीयांश जागा ठेवायला लावल्या. ती हवा तालुक्यापर्यंत आपोआप वाहत येणार नाही. आपल्याकडे बायकांचं पद म्हणजे अजून "सहसचिव, महिला", काम हळदीकुंकू आणि निरोप समारंभ. पण मत द्यायला आत असावं लागतं.

कसर लागलेली फाईल

भावना बाजूला ठेवून दोन गोष्टी.

"सनद आहे, संघ ऐच्छिक" हे नवी सनद यांचं म्हणणं अर्धंच बरोबर. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २०१५ चे पडताळणी नियम वाचा. जिथे प्रॅक्टिस करता तिथल्या संघाचं सभासद व्हावं अशीच त्यात अपेक्षा आहे. व्हायचं नसेल तर तसं राज्य बार कौन्सिलला कळवायचं, आणि कल्याण योजनांचा लाभ तुम्हाला कसा मिळणार तेही सांगायचं. काळा कोट, तुम्ही कळवलंत का? (चिडवत नाही, खरंच विचारतोय.)

फायद्याचं म्हणाल तर तो संघ कसा आहे त्यावर आहे. १ जुलै २०२४ ला तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा आमच्या संघाने शनिवारी वर्ग घेतले. जुनं कलम, नवं कलम, एकेक प्रकरण. मी पन्नाशीचा माणूस, वही घेऊन बसलो. ई-फायलिंगला स्कॅनर आणि एक पोरगाही ठेवला, म्हणून निम्मे म्हातारे टिकले. पण त्याच संघाची दुसरी बाजू बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरांना शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. आमच्याकडे एका पोराने हा विषय सभेला घ्यायला पत्र दिलं. विषयपत्रिकेत तो आलाच नाही. ती छापतं कोण? सीनियर.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी संघाची घटना आणि मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा. दिला तर भरा. इमारत निधी दहा वर्षं गोळा होतोय आणि इमारत दिसत नाही, असं असेल तर निदान सभेत विचारायला तरी भरा.

काळा कोट

नाही कळवलं. बरं आठवण केलीत.

नवी सनद

सगळ्यांचे आभार. घटना मागितली. सचिव म्हणाले, "ती टाइप करायची आहे." ताळेबंद मात्र दिला, त्यात चहाचा खर्च ग्रंथालयाच्या चौपट आहे.

स्वच्छतागृहाच्या गोष्टीने माझं मत हललं, हे कबूल. एकटीचा अर्ज आणि संघाचं पत्र, मजकूर तोच, हे डोक्यातून जात नाहीये. फॉर्म भरते. पण काम बंदच्या दिवशी पक्षकार आला असेल तर मी उभी राहणार, आणि नोटीस आली तर काळा कोट यांच्याकडून उत्तराचा मसुदा घेणार. फॉर्मवर सूचक आणि अनुमोदक अशा दोन सह्या लागतात म्हणे.

काळा कोट

मसुदा तयारच आहे, फक्त तारीख बदला. सहीला मात्र मी चालणार नाही, सभासदच नाही ना.

तालुक्याचा बोर्ड

तुमचा तालुका कुठला ते कळवा, तिथे ओळखीचे आहेत, सूचक मिळेल. आणि लवकर भरा. निवडणूक जवळ असेल तर मतदार यादीच्या आत नाव यायला हवं. तोवर दोन्ही पॅनेलवाले चहा पाजतील.

एकटी बाररूममध्ये

चहा दोघांचा पी. खुर्ची आधी पंख्याखाली ओढून घे.