एकच टॅरो डेक, नऊ जण, सहा देश: टपालाने फिरवायचा कसा?

फिरता_डेक
नऊ जणांनी मिळून एक टॅरो डेक, म्हणजे भविष्य बघायच्या ७८ चित्रपत्त्यांचा संच, फिरवायचं ठरलंय. प्रत्येकाकडे दोन आठवडे राहील, मग पुढच्याकडे टपालाने जाईल. सोबत एक पातळ वही, तिच्यात प्रत्येकाने आपली मांडणी, म्हणजे पत्ते कसे मांडले ते, लिहायची. नऊ जण सहा देशांत आहेत, त्यातले तीन देश युरोपीय संघातले. डेक नेहमीच्या मापाचा, ७० × १२० मिमी, पातळ पुठ्ठ्याच्या डबीतला. बांधणी कशी करावी, कस्टम्सच्या फॉर्मवर काय लिहावं, आणि डेकमधलं एखादं पान, म्हणजे पत्ता, गहाळ झालं तर ते नेमकं कोणत्या टप्प्यावर, हे कसं कळेल? निघताना नि पोचल्यावर वजन करून ताडता येईल का?

टपालप्रेमी
आधी क्रम ठरवा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. ज्याने आधी नाव दिलं त्याला आधी, असं करू नका. युरोपीय संघातल्या मंडळींना एकापाठोपाठ ठेवा. संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात जाताना कस्टम्स मध्ये येत नाही, त्यामुळे डेक संघात एकदाच शिरेल आणि एकदाच बाहेर पडेल. मध्येच बाहेर काढून पुन्हा आत पाठवलात, तर अडकण्याची आणि कर लागण्याची शक्यता तुम्हीच दुप्पट केलीत.

वेळही मोजून ठेवा. दोन आठवडे मुक्काम आणि साधारण तीन आठवडे प्रवास धरला, तर नऊ जणांचे ४५ आठवडे होतात. एखाद्या टप्प्यावर रखडलं की वर्ष गेलंच. सगळ्यांना हे सुरुवातीलाच सांगा.

फॉर्म सीएन २२ चालेल. ही छोट्या पाकिटांची घोषणा, ३०० एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) मूल्यापर्यंत. वर्णन इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये, नुसतं 'भेट' किंवा 'कागद' नको. 'वापरलेले छापील टॅरो पत्ते, ७८ पानांचा १ संच' असं स्पष्ट लिहा, एचएस कोड (कस्टम्सचा वस्तूच्या प्रकाराचा क्रमांक) ९५०४४०, आणि वही वेगळ्या ओळीवर. मूल्य शून्य लिहू नका. विकायला नाही आणि किंमत नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शून्य दिसलं की पाकीट बाजूला काढलं जातं. तसाच वापरलेला डेक आज घ्यायला जे पडेल, ते लिहा.

नुसता कागदी फॉर्म पुरत नाही. १ जानेवारी २०२१ पासून वस्तू असलेल्या आंतरराष्ट्रीय टपालाची माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आधीच पाठवावी लागते. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर ती भरली की लेबल तिथूनच मिळतं. लेबलावरचा अक्षरं नि आकडे मिळून तेरा खुणांचा क्रमांक बघा. तो यू (U) अक्षराने सुरू होत असेल तर तो कस्टम्सच्या कामापुरता आहे, माग काढायला नाही. आर (R) म्हणजे रजिस्टर्ड. डेक एकच आहे, तेव्हा प्रत्येक टप्पा ट्रॅकिंगचाच घ्या.

कागदकाम
वजनाचं उत्तर: नाही, त्याच्यावर विसंबू नका. कल्पना वाटते तशी वाईट नाही, पण हिशेब करून बघा. ३५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३५० ग्रॅम) पुठ्ठ्याचं ७० × १२० मिमीचं एक पान सुमारे २.९ ग्रॅम भरतं, ७८ पानं म्हणजे साधारण २२९ ग्रॅम. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा एक पान कमी झालेलं सहज दाखवेल. अडचण ओलाव्याची आहे. कागद हवेतला ओलावा शोषतो आणि कोरड्या हवेत सोडतो. दमट जागेतून कोरड्या जागी गेलेल्या डेकचं वजन २ टक्क्यांनी बदललं, तरी तो साडेचार ग्रॅमचा फरक, म्हणजे एका पानापेक्षा जास्त. उगाच कोणावर तरी संशय घ्याल.

मोजणीच करा, तीही ढिगाऱ्याने नाही. पाच गड्ड्या लावा: मेजर आर्कानाची, म्हणजे मुख्य चित्रांची, २२, आणि वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स, पेंटॅकल्स या चार रंगांची प्रत्येकी १४. पाचही गड्ड्या पसरून एक फोटो निघताना, एक पोचल्यावर, दोन्ही गटात टाकायचे. यादीत आकड्याबरोबर पानाचं नावही लिहा, कारण १९०९ च्या रायडर-वेट-स्मिथ डेकच्या परंपरेत ८ म्हणजे स्ट्रेंग्थ आणि ११ म्हणजे जस्टिस, तर त्याहून जुन्या मार्सेय डेकच्या परंपरेत नेमकं उलटं. काही डेकमध्ये प्रकाशकाचं एखादं जादा पानही असतं, ते यादीत धरायचं की काढून ठेवायचं हे पहिल्याच दिवशी ठरवा.

बांधणीत सगळ्यात मोठा शत्रू रबरबँड. चौथ्या-पाचव्या टप्प्यापर्यंत वरच्या-खालच्या पानांच्या कडांना खाच पडते, आणि मग पिसताना ते पान बोटाला लगेच कळतं. पाठ न बघताही पान ओळखू आलं की मांडणीची मजा गेली. त्याऐवजी ३ सेंमी रुंद कागदी पट्टा गुंडाळा, टोक कागदालाच चिकटवा, पानाला नाही.

पट्टा घातलेला डेक झिपच्या पिशवीत, हवा काढून. पिशवीत सिलिका जेलची १ ग्रॅमची एकच पुडी पुरे. जास्त टाकल्या तर पानं अति कोरडी होतात, आणि एकाच बाजूला लॅमिनेशन असेल तर बाक येतो. मग मूळ डबी, तिच्याभोवती बबल रॅपचे दोन वेढे, आणि बाहेर कडक पन्हळी खोकं, सगळ्या बाजूंनी २ सेंमी मोकळं राहील असं. ती जागा चुरगळलेल्या कागदाने इतकी भरा की खोकं हलवल्यावर आत काही सरकू नये. कोपरे चेपतात ते धक्क्याने कमी, आत डेक सरकत राहिल्याने जास्त. बाहेरून सुतळी नको, टपालाची वर्गवारी करणाऱ्या यंत्रात अडकते. ब्राऊन पेपरही नको, लेबलासकट फाटतो.

आर्काना_वाचक
वरच्या दोघांच्या सांगण्यात दोन भर.

फॉर्मवर 'भेट'वर खूण करायचा मोह होतो, कारण बऱ्याच देशांत खासगी व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या भेटीला करात सूट असते. युरोपीय संघात ती मर्यादा ४५ युरो आहे. पण हा डेक पुढे जाणार आहे, घेणाऱ्याचा होणार नाही. 'इतर' हाच प्रामाणिक रकाना, शेजारी 'खासगी वापर, विक्री नाही' असं लिहा. कर लागला तर सामाईक वर्गणीतून भरा.

दुसरं, पाकिटात प्रेमाने जादा काही घालू नका. टॅरोवाल्यांना वाळलेल्या सेजची (धुपासारखी जाळायची सुगंधी वनस्पती) जुडी पाठवायची फार हौस, आणि वनस्पतीजन्य वस्तू म्हटली की क्वारंटाइनची तपासणी. माग काढायला बटण सेलचा ट्रॅकरही नको, लिथियम सेल अनेक टपाल खाती घेतच नाहीत. आणि प्रत्येक देशाची मनाई यादी आधी वाचा. काही याद्यांत खेळायचे पत्ते नावानिशी असतात, काही देशांत भविष्यकथनाचं साहित्य जप्त होतं. तिथे वर्णन बदलून काम काढू नका, ती खोटी घोषणा होते. त्या सोबत्याला मांडणीचे फोटो पाठवा.

फिरता_डेक
पट्टा, फोटो, 'इतर' सगळं पक्कं. पाकीट न स्वीकारता परत आलं तर?

टपालप्रेमी
ते शेवटच्या पाठवणाऱ्याकडे परत येतं, पहिल्या मालकाकडे नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर परतीचा पत्ता त्या-त्या पाठवणाऱ्याचाच, बाहेर आणि आत डबीवरही. परत आलेल्या पाकिटावरचा फॉर्म जपून ठेवा, पण पुन्हा पाठवताना नवा भरायचा असतो. आणि पुढच्याला ट्रॅकिंगचा क्रमांक पाठवल्याच्या दिवशीच कळवा, कारण टपाल कार्यालयात पाकीट ठरावीक मुदतच ठेवतात. पत्ता पोचायच्या देशाच्या पद्धतीने लिहा, शेवटच्या ओळीवर देशाचं नाव मोठ्या रोमन अक्षरांत.